ललितेचा फ्रॉक

ज्या वर्षाची ही हकीकत आहे त्या वर्षी मी एकोणतीस वर्षांची होते, आणि लग्न होऊन सोलापुरात येऊन मला दोन वर्षं झाली होती. एका कॉलेजच्या परीक्षा विभागात मी कारकून आहे. दिवसभर हॉलतिकिटं, फेरतपासणीचे अर्ज, आणि खिडकीत वाकून निकाल राखीव का म्हणून विचारणारी पोरं. नवरा औषध कंपनीचा प्रतिनिधी, आठवड्यातले चार दिवस लातूर-बीडकडे फिरतीवर. सासरे जुन्या गावातल्या एका लहानशा देवळात देवीची पूजा करतात आणि सासूबाई त्या देवीची वस्त्रं शिवतात. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. मीही तसंच म्हणते.

माझा एक नाद घरात कुणाला माहीत नव्हता. जेवणाच्या सुट्टीत आणि रात्री झोपण्याआधी मी फोनवर एक खेळ खेळायचे. त्यात समुद्रातल्या खडकावर एक दीपगृह असतं आणि त्याची राखण एक बाई करते. अंगात काळा लांब कोट, पायांत गुडघ्यापर्यंत बूट, एका डोळ्यावर पट्टी, डाव्या हातात कंदील आणि उजव्या खांद्यावर गलबताचा नांगर. पाण्यातून जे जे वर येतं त्याला ती नांगरानं हाणते, आणि मग कंदील जवळ नेऊन बघते, मेलं का. मी वैरागची. समुद्र बघितलेला तो शाळेच्या सहलीत, एकदाच, आणि तोही बसमध्ये उलटी झाल्यामुळे नीट नाही. मला ही बाई एवढी का आवडावी? बहुतेक ती कुणाला विचारून काही करत नाही म्हणून.

दुसरा नाद कपड्यांचा. जपानमध्ये बायकांची एक तऱ्हा आहे, तिला लोलिता म्हणतात. नाव ऐकून कुणाला भलतंसलतं वाटेल, पण कपडे आपल्या शाळेतल्या बाईंनाही चालतील इतके सोज्वळ. गुडघ्याखाली येणारा घंटेसारखा फुगलेला फ्रॉक, गळ्यापर्यंत बटणं, हाताला झालर, कमरेला बो, डोक्याला लेसचं टोपडं, त्याला बॉनेट म्हणतात. एवढं सगळं घालून त्या बायका नुसत्या चहा प्यायला जातात. मी त्यांचे व्हिडिओ बघत बसायचे. बघता बघता एक दिवस डोक्यात आलं की आपल्या राखणदारणीचा तो कोट काढावा आणि तिला असा फ्रॉक घालावा. कंदील तोच, नांगर तोच, पट्टी तीच. फक्त राक्षसाला हाणायच्या आधी तिनं जरा नटावं.

हे डोक्यातच राहिलं असतं. पण आमच्याच कॉलेजच्या सूचनाफलकावर एक कागद लागला. शहरातल्या एका सभागृहात खेळवेड्या पोरांचा मेळावा होता आणि त्यात कॉस्प्ले स्पर्धा, म्हणजे खेळातल्या नाहीतर कार्टूनमधल्या पात्राचा वेश करून यायचं. खाली लिहिलं होतं, वयाची अट नाही. ती ओळ मी तीनदा वाचली आणि कुणी बघत नाही असं बघून कागदाचा फोटो काढला.

शनिवारी ऑफिसातून परस्पर नवी पेठेत गेले. काळपट निळं कापड घेतलं, पाच मीटर. दुकानदारानं कशासाठी म्हणून विचारलं, मी म्हटलं गॅदरिंगसाठी. फ्रॉक फुगायला आत कडक जाळीचा परकर लागतो. घागरे विकणारे त्याला कॅनकॅन म्हणतात. तो दुसऱ्या दुकानात मिळाला. तिथल्या माणसानं लग्न कधी आहे असं विचारलं. मी म्हटलं, झालं की.

शिवायला कुठं टाकायचं हा प्रश्न होता. नेहमीच्या शिंपिणीकडे टाकलं असतं तर संध्याकाळपर्यंत आत्यांना कळलं असतं. म्हणून मी एका मास्तरांकडे गेले. ते शाळेचे युनिफॉर्म शिवतात, घरात तेलुगू बोलतात आणि गिऱ्हाइकाशी शक्यतो काहीच बोलत नाहीत. मी चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि एवढंच विचारलं की शाळा कुठली. मी म्हटलं, बाहेरगावची. त्यांनी वहीत तसं लिहून घेतलं. आठ दिवसांनी फ्रॉक हातात आला. शिलाई अशी की बैलानं ओढली तरी उसवायची नाही, पण सगळीकडून एक इंच सैल आणि खाली चार बोटं दुमड. मी तक्रार केली तर म्हणाले, मूल वाढतं, दोन वर्षं तरी चालला पाहिजे.

लेस, झालर, बो, बॉनेट हे सगळं अजून व्हायचं होतं. ते हातानं करायचं ठरवलं. पण एवढा फुगीर फ्रॉक घरात ठेवायचा कुठं? दोन खोल्यांचं घर, कपाट एक, त्यात नवऱ्याच्या औषधांचे नमुने. मग मला देवीची पेटी आठवली. देवीच्या जुन्या साड्या आणि पोशाख एका पत्र्याच्या मोठ्या पेटीत असतात आणि ती पेटी नवरात्राच्या तोंडावरच उघडतात. नवरात्राला महिना होता. देवी काही सांगायची नाही, असा विचार करून मी फ्रॉक घडी घालून तळाशी ठेवला. रोज आत्या देवळात गेल्या की अर्धा तास काढून लेस टाकायचे आणि पुन्हा ठेवायचे.

पाचव्या दिवशी मी ऑफिसातून आले तर आत्या पेटी उघडून बसल्या होत्या. वस्त्रांना ऊन दाखवायचं त्यांनी त्या वर्षी लवकर काढलं होतं. देवीच्या हातभर लांबीच्या साड्या पलंगावर पसरलेल्या, आणि आत्यांच्या मांडीवर माझा फ्रॉक. त्या माझी लेसची शिवण नखानं उचकून बघत होत्या. आत्या रागावल्या नव्हत्या, गोंधळल्या होत्या. देवी वीतभराची, आणि हा पोशाख कुणाचा, असं त्यांना कळेना.

"हे कुणाचं हाय गं?" त्यांनी विचारलं.

खरं सांगायचं मी ठरवलं होतं. शपथेवर सांगते. म्हणून मी म्हटलं, "लोलिताचं."

"ललितेचं?"

इथं मला नाही म्हणता आलं असतं. एक सेकंदभर वेळही होता. पण आत्यांचा चेहरा असा उजळला की माझ्या तोंडून व्हय निघून गेलं. पुढचं सगळं त्यांनीच जुळवलं. नवरात्रात पंचमीला ललितेची पूजा असते, कॉलेजात तिचा देखावा करणार असतील, आणि सुनेला ललिता केलं असेल, देवळाच्या घरातली म्हणून. मी यातलं एक अक्षर बोलले नाही. फक्त खोडलंही नाही.

त्या संध्याकाळपासून फ्रॉक माझा राहिला नाही. आत्यांनी माझी सगळी लेस उसवली. असली शिवण देवीच्या अंगाला टोचेल, म्हणाल्या. मग पायाच्या मशीनवर बसून त्यांनी झालरी घातल्या. मी जपानी बायकांच्या व्हिडिओत बघितलेल्या झालरी त्यापुढं काहीच नव्हत्या. चाळीस वर्षं वीतभर मूर्तीला निऱ्या घालणारा तो हात, त्याला पाच मीटर कापड मिळाल्यावर तो थांबेना. बॉनेटला त्यांनी मुकुटच म्हणायला सुरुवात केली आणि त्याला आतून पुठ्ठा लावला, कारण मुकुट पडला तर अपशकुन होतो. काळपट रंग त्यांना खटकत होता. तेव्हा त्यांनी पेटीतल्या एका विरलेल्या साडीचा जरीचा काठ काढून फ्रॉकच्या घेराला लावला. चित्रातल्या कुठल्याच फ्रॉकला असा काठ नव्हता. इतका शोभला की मी गप्प बसले.

गप्प बसणं हेच माझं काम झालं होतं. रात्री फोनवर राखणदारीण राक्षसांना हाणत असायची आणि शेजारच्या खोलीत तिच्या मुकुटाला मोती लागत असायचे.

हातात काय धरायचंय म्हणून आत्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, एका हातात कंदील आणि एका हातात नांगर. कंदील त्यांना पटला, देवीपुढं दिवा असतोच. नांगराचं मात्र त्यांनी मनात ठेवलं आणि रात्री जेवताना मामांना सहज विचारलं, ललितेच्या हातात नांगर असतो का. मामांचा घास हातात थांबला. मामा कमी बोलतात, पण देवीच्या हातात काय असतं हा त्यांचा विषय. नांगर वाराहीच्या हातात, ते म्हणाले. ललितेच्या हातात उसाचं धनुष्य. हे कुणी चुकीचं सांगितलं? आत्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी ताक ओतून घेतलं.

मी गलबताचा नांगर म्हणत होते आणि ती दोघं शेतातला समजत होती, हे त्या वेळी माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. मला वाटलं, विषय संपला.

संपला नव्हता. आत्यांचं माहेर केमचं. तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं आणि बघते तर त्यांचे भाऊ उभे, खांद्यावर उसाची मोळी. ऊस माझ्या डोक्याच्या वर हातभर. बहिणीनं फोन करून सांगितलं होतं, सुनेला देवीचं सोंग करायचंय, चांगला सरळ आणि पेऱ्यापेऱ्याला भरलेला ऊस पाहिजे. तेवढ्यासाठी माणूस पहाटेच्या गाडीनं आला होता. एवढे लांब ऊस डब्यात घेण्यावरून गार्डाशी भांडण झालं होतं. चहा पिता पिता ते सांगत होते की सगळा फड हिंडून त्यांनी हे पाच ऊस निवडले, देवीच्या हातात जायचे म्हणून.

ते गेल्यावर मी दार लावलं आणि आत्यांना सगळं सांगितलं. उभ्यानंच. खेळ, राखणदारीण, जपानी फ्रॉक, मेळावा. फोन काढून ती बाईही दाखवली. त्या क्षणी ती नेमकी एका आठ पायांच्या जनावराचं टाळकं फोडत होती.

आत्यांनी शेवटपर्यंत बघितलं. मग फोन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, "मी देवीच्या पातळाचा काठ लावलाय त्याला."

एवढंच. मला ओरडा चालला असता. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. ताट वाढायच्या, डबा भरायच्या, पण बोलायच्या नाहीत. ऊस दाराशी उभेच होते, आणि येता-जाता माझी ओढणी त्यांत अडकायची. मी काठ उसवायला बसले तर त्यांनी फ्रॉक हातातून काढून घेतला आणि पेटीत न ठेवता मशीनवर ठेवला.

तिसऱ्या दिवशी मशीनचा आवाज आला. आत्या बाहीला बटणं लावत होत्या. मी दारात उभी राहिले. वर न बघता त्या म्हणाल्या की त्यांनी देवीला विचारलं. उतरलेली साडी प्रसाद म्हणून बाईमाणसालाच देतात, आणि मी बाईमाणूसच आहे, मग ती नेसून मी काय करते हे देवी विचारत नाही. शिवाय अर्धं शिवलेलं टाकून देऊ नये.

"पण तू एक ध्यानात घे," त्या म्हणाल्या. "तुला खोटं बोलाया येत न्हाय. ललिता म्हनालीस आन् हातात नांगर दिलास. आता मामांना काय सांगायचं ते मी सांगते. तू मधी बोलू नको."

मला वाटलं त्या मामांना खरं सांगणार. त्यांनी सांगितलं की रविवारी, म्हणजे मेळाव्याच्याच दिवशी, नेत्रतपासणीचं शिबिर आहे, त्यांना डोळे दाखवायचेत आणि मी त्यांना घेऊन जाणार आहे. बेत चोख होता. फ्रॉकची पाठ नाडीनं आवळावी लागते, ती मला एकटीला बांधता येत नव्हती, त्यामुळे आत्यांना यावंच लागणार होतं. बरोबरच्या मोठ्या पिशवीत चादर आहे असं ठरलं. थर्माकोलचा नांगर मी आदल्या दिवशीच सभागृहाजवळच्या एका मैत्रिणीकडे ठेवला होता.

रविवारी दुपारी आम्ही निघालो, तर मामा टोपी घालून पायरीवर उभे. त्यांनाही उजव्या डोळ्यानं हल्ली धुरकट दिसत होतं, तेही दाखवून घेणार होते.

रिक्षात मी एका कडेला, मधे पिशवी, पलीकडे आत्या आणि मामा. आत्या बाहेर बघत होत्या. मी त्यांना कोपरानं ढोसलं तर त्यांनी मला परत ढोसलं. शेवटी एका सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं. मी सांगितलं होतं त्यापेक्षा कितीतरी सोपं करून. फोनमध्ये एक बाई हाय, ती दर्यावर दिवा धरती, वाईट जनावरं मारती, हिला तिचं सोंग घ्यायचंय, फ्रॉक मी शिवलाय.

सिग्नल सुटला. पुढच्या चौकात मामांनी विचारलं, "म्हणजे डोळे तपासायचे नाहीत?"

सभागृहाच्या दाराशी पुठ्ठ्याच्या तलवारी घेतलेली, निळ्या-गुलाबी केसांची पोरं उभी होती. बहुतेक सगळी आमच्याच कॉलेजची. मामांनी चप्पल बाहेर काढली. मग इतर कुणी काढलेली नाही हे बघून पुन्हा घातली आणि आत जाऊन तिसऱ्या रांगेत बसले, हात मांडीवर ठेवून.

आत्यांनी बायकांच्या बाथरूममध्ये मला नेसवलं. मी मुद्दामच नेसवलं म्हणते, कारण त्यांनी ते देवीसारखंच केलं. आधी कॅनकॅन, मग फ्रॉक, मग नाडी, मग झालरी एकेक करून हातानं सोडवल्या. शेवटी मुकुट. डोळ्यावरची पट्टी बांधताना मात्र त्यांनी हात आखडता घेतला. झाकलेल्या डोळ्याची देवी त्यांनी कधी केली नव्हती. ती मीच बांधली.

मंचावर माझा नंबर नववा होता. माझ्या आधी एक पोरगा यंत्रमानव होऊन आला होता, खोकी एवढी की त्याला दोघांनी चढवलं. मी गेले. कंदील वर केला, नांगर खांद्यावर टाकला. पुढच्या रांगेतली पोरं ओरडली, त्यांनी राखणदारणीला ओळखलं होतं. मला फार बरं वाटलं. तेवढ्यात परीक्षकानं माईक घेतला. पंचविशीतला मुलगा, आवाज नम्र. तो म्हणाला, मूळ पात्राला कोट आहे, फ्रॉक नाही. हा मुकुटही नाही, ही जरही नाही. मग हे तेच पात्र आहे असं कसं धरायचं?

याचं उत्तर मी पाठ केलं होतं. दोन तऱ्हा एकत्र करण्याबद्दल चार चांगली वाक्यं होती. त्यातलं एकही आठवेना. दिवसभर पोरांना नियम सांगणारी मी, आणि समोर नियम आल्यावर मी नुसता कंदील आणखी वर धरला.

तिसऱ्या रांगेत मामा उभे राहिले. बोलू का, असं त्यांनी आधी विचारलं. परीक्षकाला वाटलं कुणी विश्वस्त असतील, त्यानं माईक पाठवला. मामांनी माईक घेतला नाही. त्यांना गाभाऱ्यातून बाहेरच्या माणसाशी बोलायची सवय आहे.

"आमच्या देवीला नवरात्रात नऊ दिवस नऊ पोशाख असतात," ते म्हणाले. "मूर्ती एकच. तरी लोक दारातून बघून सांगतात, आज अमकी मांडलीय, आज तमकी. कशावरून सांगतात? वस्त्रावरून नाही, हातातल्या आयुधावरून. हिच्या हातात कंदील आहे आणि गलबताचा नांगर आहे. तुमच्या खेळात असं दुसरं कोण आहे?"

परीक्षकानं शेजारच्याकडे बघितलं. नाही म्हणाला.

"मग तीच," मामा म्हणाले आणि बसले.

टाळ्या झाल्या, शिट्ट्याही झाल्या. मी अजून मंचावरच होते, आणि टाळ्या माझ्या नव्हत्या हे मला चांगलं कळत होतं. तरी मी वाकून नमस्कार केला. पहिलं बक्षीस यंत्रमानवाला गेलं, दुसरं-तिसरंही दुसऱ्यांना. मला सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं आणि त्यावर माझं नाव चुकीचं लिहिलं होतं. दुरुस्तीचा अर्ज कुणाकडे करायचा हे विचारायला मी निघालेच होते, पण आत्यांनी ओढून आणलं.

येताना मी कपडे बदलले नाहीत. कॅनकॅनमुळे मागची सगळी सीट मलाच लागली, आत्या कशाबशा कोपऱ्यात, आणि मामा पुढं ड्रायव्हरशेजारी अर्ध्या मांडीवर. ड्रायव्हरनं आरशात दोनदा बघून दखनी उर्दूत विचारलं की कोणतं नाटक आहे. मामांनी त्याला गंभीरपणे समजावलं की नाटक नाही, दर्यावरची बाई आहे. मग दोघं बराच वेळ दिव्याच्या तेलाबद्दल बोलत राहिले.

घरी आल्यावर मामा बाहेर बसले आणि आम्ही आतल्या खोलीत गेलो. आत्यांनी नाडी सोडली, फ्रॉक डोक्यावरून काढला आणि खांद्याला धरून झटकला. मी गाऊन घालून वळले तोवर त्यांनी दाराला कडी लावली होती. पातळ पलंगावर सोडून ठेवलेलं. झंपर-परकरावर त्यांनी तो फ्रॉक चढवला होता आणि मला पाठ करून म्हणत होत्या, जरा आवळ.

मी नाडी आवळली. त्यांनी आधी एका बाजूनं आरशात बघितलं, मग दुसऱ्या बाजूनं. मग हळूच एक गिरकी घेतली आणि घेर कुठवर जातो ते खाली मान घालून बघितलं. बाहेरून मामांनी विचारलं, चहा व्हायचाय का अजून.

"थांबा वाईच," आत्या आतून म्हणाल्या. "हिचं हूक निघंना झालंय."

आणि दुसऱ्या बाजूनं फिरून बघायला लागल्या.